मुतखडा, दुर्बीण आणि पाणी प्यायची सोय

दुर्बिणीनं मुतखडा काढला म्हटलं की बायका आधी माझ्या पोटाकडे बघतात. पोटावर काहीच नाही. जे आहे ते पाठीत, डावीकडे शेवटच्या बरगडीच्या खाली, करंगळीच्या नखाखाली झाकला जाईल एवढा एक वण. तिथून २२ मिलिमीटरचा खडा तुकडे होऊन बाहेर आला. माझ्या सासऱ्यांचं हेच ऑपरेशन फार पूर्वी उघडून झालं होतं. कुशीपासून पुढे पोटाकडे आलेला त्यांचा वीतभर व्रण घरातल्या सगळ्यांनी बघितलाय. त्यानंतर कितीतरी महिने ते औताला हात लावू शकले नव्हते. म्हणून आमच्या घरात किडनीचं ऑपरेशन म्हणजे त्या वर्षाची शेती दुसऱ्याला लावून द्यायची, असाच हिशेब होता.

मी हे सविस्तर लिहितेय, कारण ऑपरेशनच्या आधी मला जे जे विचारायचं होतं ते आपल्या भाषेत एका जागी सांगणारं कुणी भेटलं नाही. काही डॉक्टरांकडून कळलं, काही वॉर्डातल्या ब्रदरकडून, काही शेजारच्या खाटेवरच्या अक्कांकडून. शिवाय खडा होतो कसा यातला बायकांच्या बाबतीतला एक भाग कागदावर कुठेच येत नाही, तोही सांगायचा आहे.

मी येळ्ळूरची. बेळगावात शहापूरच्या एका साडीच्या दुकानात काउंटरला असते. सकाळची बस धरायची, दिवसभर उभं राहायचं, रात्री घरी. लगीनसराईत तर बस्ता बांधायला आलेली मंडळी दुपारचं जेवण टळलं तरी उठत नाहीत. अशाच एका दुपारी गठ्ठ्यातून शालू काढताना डाव्या कुशीत कळ आली. कंबर भरून येते तसं ते नव्हतं. पाठीतून सुरू होऊन पोटाच्या कडेनं जांघेत उतरत होतं. बसवेना, उभं राहवेना, आडवं पडून तर अजिबात चैन नाही. दोनदा उलटी झाली. बरोबरच्या पोरींनी रिक्षात घालून जवळच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी माझी तळमळ बघूनच खड्याची शंका बोलून दाखवली. अपेंडिक्सचं दुखणं असलं की माणूस हलायला भितो, न हलता पडून राहतो. खड्याच्या कळेत त्याला एका जागी राहवतच नाही.

इंजेक्शननं अर्ध्या तासात उतार पडला. दुसऱ्या दिवशी मला काहीच होत नव्हतं. सासूबाई म्हणाल्या, "गेला बघ लघवीतनं." गावातही असंच समजतात, कळ थांबली की खडा गेला. सोनोग्राफीत मात्र खडा जागच्या जागी होता आणि डाव्या किडनीला सूज होती. कळ येते ती लघवी अडून आत दाब वाढतो म्हणून. खडा जरासा सरकला, लघवीला वाट मिळाली की कळ थांबते, खडा तिथेच राहतो. याहून वाईट म्हणजे कधीकधी वाट हळूहळू बंद होत जाते, दुखतही नाही, आणि किडनी आतल्या आत निकामी होते. माझ्या माहेरच्या एका काकांचं असंच झालं. कळ गेली म्हणून त्यांनी पुन्हा तपासलंच नाही. आज त्यांची एकच किडनी काम करते. म्हणून कुणाची कळ थांबली असं ऐकलं की मी पहिल्यांदा सोनोग्राफीचं विचारते.

उपाय सांगणारे बरेच भेटले. कुळथाचं माडगं, पानफुटीची पानं, बार्लीचं पाणी. सासूबाईंनी माडगं प्रेमानं करून घातलं आणि मीही प्यायले, चवीला छानच असतं. डॉक्टरांनी त्यावर नाक मुरडलं नाही. त्यांनी फक्त माप सांगितलं. किडनीतून मूत्राशयापर्यंत जी नळी येते तिची आतली वाट जेमतेम ३ ते ४ मिलिमीटरची. ५ मिलिमीटरच्या आतला खडा बहुतेक वेळा पाण्यानं, गोळ्यांनी, थोडं थांबून आपोआप पडतो. तेव्हा कुळीथ घेतलं असेल तर नाव कुळथाचं होतं. १० मिलिमीटरच्या वर गेला की आपोआप पडायची आशा फारच थोडी. २२ मिलिमीटरचा खडा त्या वाटेनं उतरणं शक्यच नव्हतं.

मग सीटी स्कॅन. साधा, रंग न टोचता करतात तो. खड्यासाठी तोच खरा, कारण सोनोग्राफीत माप थोडं मागंपुढं होतं आणि नळीतला खडा हुकू शकतो. डॉक्टरांनी पडद्यावर दाखवलं. किडनीच्या मधल्या पोकळीत एक पांढराशुभ्र ठिपका, त्याचं एक टोक खालच्या कप्प्यात गेलेलं. रिपोर्टात एक आकडा असतो, त्याला हौन्सफिल्ड युनिट म्हणतात. त्यावरून खडा किती टणक आहे याचा अंदाज येतो. माझा १२०० च्या वर होता. तुमच्या घरात कुणाचा रिपोर्ट असेल तर तीन गोष्टी बघा: माप किती, जागा कुठली आणि हा आकडा. पुढचं सगळं त्यावर ठरतं, आणि डॉक्टर अमुकच पद्धत का म्हणतात ते आपल्यालाही समजतं.

मला तीन वाटा सांगितल्या. पहिली, बाहेरून धक्के देऊन खडा फोडायची. चिरा नाही, टाका नाही. ही पद्धत १९८० मध्ये जर्मनीत म्युनिकला पहिल्यांदा माणसावर वापरली. माझा खडा टणक, मोठा आणि खालच्या कप्प्यात गेलेला. फुटला तरी चुरा वर चढून बाहेर पडणं अवघड, म्हणून ही वाट बाद झाली. दुसरी, लघवीच्या मार्गानं लवचिक दुर्बीण किडनीपर्यंत नेऊन लेसरनं फोडायची. तिसरी, पाठीतून थेट किडनीत बारीक वाट करायची. तिला पीसीएनएल म्हणतात. बारीक नळीनं करतात तेव्हा मिनी पीसीएनएल.

साहजिकच मी म्हणाले, "पाठीत भोक पाडण्यापेक्षा खालून जाणारं बरं की, डॉक्टर."

डॉक्टर कन्नड बोलणारे, धारवाडकडचे. मराठी थांबत थांबत बोलतात, पण मनापासून. म्हणाले, "अक्का, खालून करता येतंय. खरं दोन सेंटीमीटरच्या वर खडा असला की एका वेळेत साफ होईलच असं नाही. परत भूल, परत ॲडमिट. पाठीतनं केलं तर बहुतेक एकदाच." मग त्यांनी एक प्लास्टिकची नळी हातात दिली. १८ फ्रेंचची. फ्रेंच हे नळ्यांचं माप, तीन फ्रेंच म्हणजे एक मिलिमीटर. म्हणजे ६ मिलिमीटर. पूर्वी याच ऑपरेशनला २४ ते ३० फ्रेंचची नळी घालत, ८ ते १० मिलिमीटरची. ती नळी बोटांत फिरवून बघितल्यावर माझी निम्मी भीती गेली. पाठीतून वाट करून खडा काढायचं हे तंत्र १९७६ मध्ये स्वीडनमध्ये सुरू झालं. आपल्याकडे अजून पुष्कळांना वाटतं की हे काल-परवाचं आहे, आपल्यावर प्रयोग करताहेत. तसं काही नाही.

हे डॉक्टर मला दुसऱ्या खेपेस मिळाले. आधी ज्या ठिकाणी गेलो होतो तिथं सोनोग्राफी बघूनच "उद्या सकाळी उपाशी या, करून टाकू" म्हणाले होते. सीटी नाही, लघवीचं कल्चर, म्हणजे लघवीत जंतू आहेत का ते बघायची तपासणी, तीही नाही. आमचे हे तयारही झाले होते. आमच्या दादानं अडवलं. तो म्हणाला, दुसऱ्याचंही ऐकून घेऊ. तसं केलं ते फार बरं झालं. दुसऱ्या ठिकाणी लघवीचं कल्चर केलं तर त्यात जंतू निघाले. मला ना ताप होता, ना जळजळ. लघवीत जंतू असताना किडनीत पाण्याचा दाब देऊन खडा फोडला तर ते जंतू रक्तात जातात, आणि या ऑपरेशनमध्ये जी गोष्ट माणसाच्या खरोखर जिवावर बेतते ती हीच. म्हणून आधी जंतूंना लागू पडणाऱ्या गोळ्या दिल्या आणि तारीख पुढे ढकलली. कल्चरचा रिपोर्ट यायला दोन-तीन दिवस लागतात. तेवढा धीर धरावा. ऑपरेशनला घाई करणाऱ्या कुणालाही मी आता पहिल्यांदा हेच विचारते, कल्चर आलं का?

बाकीच्या तपासण्या नेहमीच्या: हिमोग्लोबिन, क्रिएटिनिन, साखर, रक्त गोठायचा वेळ, छातीचा एक्स-रे, ईसीजी. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर ती आधी बंद करावी लागते, पण स्वतःच्या मनानं नाही, हृदयाच्या डॉक्टरांना विचारून. माझं हिमोग्लोबिन कमी होतं. रक्ताची एक बाटली तयार ठेवायला सांगितली, पुतण्यानं जाऊन रक्त दिलं. ती लागली नाही.

पैशांचं थोडक्यात सांगते. बीपीएल रेशनकार्ड असेल तर आयुष्मान भारत आरोग्य कर्नाटक योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात, पण बहुतेक ठरवून करायच्या ऑपरेशनना आधी सरकारी दवाखान्यातून रेफरल घ्यावं लागतं. ॲडमिट झाल्यावर धावाधाव करून उपयोग होत नाही. दवाखान्यात आरोग्यमित्र म्हणून माणूस बसतो, त्याला आधी भेटा.

ॲडमिट झाले त्या संध्याकाळी संमतीचा कागद आला. एका बाजूला इंग्रजी, एका बाजूला कन्नड. मला कन्नड बोललेलं समजतं, वाचता येत नाही. "सही करा, सगळे करतात" असं म्हणून कागद पुढे सरकवता आला असता. पण रात्रपाळीचे ब्रदर निपाणीचे होते. स्टूल ओढून बसले आणि एकेक ओळ मराठीत सांगितली. रक्तस्राव होऊ शकतो, रक्त द्यावं लागू शकतं. क्वचित फारच वाहिलं तर जांघेतून तार घालून ती रक्तवाहिनी बंद करावी लागते. ताप, जंतुसंसर्ग. वाट बरगडीच्या वरून करावी लागली तर फुप्फुसाच्या आवरणाला धक्का लागू शकतो. आतड्याला इजा, पण फारच क्वचित. आणि खड्याचा एखादा तुकडा राहिला तर पुन्हा यावं लागेल. आमचे हे मध्येच म्हणाले, "नको हो, घाबरंल ती." मी म्हटलं, सांगू दे. ऐकून मी घाबरले, हे खरं. पण दुसऱ्या दिवशी नळीतून लाल लघवी आली तेव्हा मी गांगरले नाही, कारण आधी कानावर पडलेलं होतं.

ऑपरेशनमध्ये नेमकं काय केलं ते मी नंतर विचारून घेतलं. पूर्ण भूल दिली. आधी पाठीवर झोपवून लघवीच्या मार्गानं एक बारीक नळी किडनीपर्यंत चढवली. मग पालथं केलं, छातीखाली आणि कमरेखाली उशा लावल्या. खालच्या नळीतून रंग सोडला की एक्स-रेच्या पडद्यावर किडनीचे आतले कप्पे उमटतात. कुठल्या कप्प्यातून आत शिरायचं ते त्यावर ठरतं. श्वासाबरोबर किडनी वरखाली होत असते, म्हणून सुई घालताना भूलतज्ज्ञ काही क्षण श्वास धरून ठेवतात. सुई बरोबर कप्प्यात गेली की तिच्यातून लघवी येते. मग सुईतून तार, तारेवरून वाट रुंद करायच्या नळ्या, आणि शेवटी ती १८ फ्रेंचची नळी. तिच्यातून दुर्बीण आत जाते, लेसरनं खडा फोडतात आणि सलाइनच्या पाण्याबरोबर तुकडे बाहेर येतात. डॉक्टर म्हणाले, या सगळ्यात अवघड काम ती पहिली सुई योग्य जागी घालण्याचं. तिथं हात बसला की पुढचं सोपं.

जाग आली तेव्हा घसा खवखवत होता आणि थंडीनं दात वाजत होते. इतकं पाणी आतून वाहिलेलं असतं की अंग गार पडतं. सिस्टरनी दोन ब्लँकेटं घातली, तरी पुष्कळ वेळ हुडहुडी गेली नाही. कुणी आपल्या माणसाजवळ बसणार असाल तर एक जाड चादर घरून न्या.

मला दोन पिशव्या होत्या. एक लघवीच्या नळीची, एक पाठीतून थेट किडनीतून आलेल्या नळीची. पाठीच्या पिशवीत पहिल्या रात्री आलेली लघवी गडद लाल होती. सकाळपर्यंत ती गुलाबी झाली, संध्याकाळी पातळ चहासारखी, दुसऱ्या दिवशी जवळजवळ पिवळी. डॉक्टर राउंडला आले की माझ्या तोंडाकडे बघायच्या आधी पिशवीकडे बघायचे. रंग फिका होत जातोय याचा अर्थ आतलं वाहणं थांबतंय. मीही तेच करायला लागले. दर वेळी पिशवी रिकामी करताना सिस्टर माप लिहून ठेवत. त्या वहीत माझ्या शेजारच्या अक्कांचंही माप असायचं, त्या सौंदत्तीकडच्या. त्यांना मराठी येत नव्हतं, मला कन्नड तोडकंमोडकं. "नीर कुडीरि" असं त्या दर थोड्या वेळानं मला म्हणायच्या, मी त्यांना "तुमी बी प्या" म्हणायचे. एवढ्यावर आमचं छान जमलं.

पाठीची नळी काढताना डोळे घट्ट मिटून घेतले होते. दुखण्यापेक्षा ओढ लागल्यासारखं वाटलं, तेही दोन सेकंद. ते भोक शिवत नाहीत, पट्टी लावतात. त्यातून काही तास लघवी झिरपते आणि पट्टी, परकर, चादर ओली होते. मला हे सांगून ठेवलेलं होतं, तरी लाज वाटली. सिस्टर म्हणाल्या, "ताई, हे सगळ्यांचं होतं, त्याच कुशीवर झोपू नका म्हणजे झालं." दुसऱ्या दिवशी झिरपायचं थांबलं.

जाताना डॉक्टरांनी छोट्या डबीत तुकडे दिले. गडद तपकिरी, काळपट, बोटाला टोचतील असे खरखरीत. इतकी वर्षं हे अंगात होतं, आणि मी साड्यांच्या घड्या घालत होते. त्यांतले काही तपासणीला पाठवायला लावले. पुष्कळ लोक ही डबी देवघराशेजारी नाहीतर कपाटात ठेवून देतात आणि आल्यागेल्याला दाखवतात. तपासणीला पाठवा. खडा कशाचा आहे हे कळल्याशिवाय पुढचं पथ्य हे अंधारात दगड मारणं आहे. युरिक ॲसिडचा खडा असेल तर तो औषधानं विरघळूही शकतो, जंतुसंसर्गाचा असेल तर जंतूंचा बंदोबस्त करावा लागतो. माझा निघाला कॅल्शियम ऑक्झलेटचा, जो सगळ्यात जास्त आढळतो.

आता स्टेंटचं. ऑपरेशनपेक्षा मला त्रास झाला तो याचा, आणि याबद्दलच लोक सगळ्यात कमी बोलतात. किडनीपासून मूत्राशयापर्यंत आत एक मऊ नळी ठेवतात, दोन्ही टोकांना वळलेली, म्हणजे ती सरकत नाही. डीजे स्टेंट. आतली सूज उतरेपर्यंत लघवीची वाट उघडी राहावी म्हणून. मला काही आठवडे होता. सारखी लघवीला लागायची, आणि लागली की थांबवता यायची नाही. लघवी करताना डाव्या कुशीत कळ यायची, कारण स्टेंटमुळे लघवी थोडी उलटी वर चढते. जास्त चाललं, जिना चढला किंवा खड्ड्यातून बस आदळली की पुन्हा लालसर लघवी. मी घाबरून फोन केला. डॉक्टर म्हणाले, पाणी प्या, विश्रांती घ्या, रक्ताच्या गाठी पडल्या किंवा ताप आला तर लगेच या. थंडी वाजून ताप ही स्टेंट असताना कधीही घरी काढायची गोष्ट नव्हे. त्रास कमी करायच्या गोळ्या मिळतात. त्या मागून घ्या, सोसत बसू नका.

आणि स्टेंट काढायची तारीख. माझ्या डिस्चार्ज कार्डावर ती लाल शाईनं लिहून दिली होती. आमच्या ह्यांनी ती कॅलेंडरवर, मोबाइलमध्ये आणि दादाच्या मोबाइलमध्येही घातली. बरं वाटायला लागलं की लोक विसरतात. महिनोन्महिने राहिलेल्या स्टेंटवर खड्याचाच थर चढतो आणि मग तो काढायला पुन्हा ऑपरेशन लागतं. काढणं मात्र सोपं. बधिर करणारी जेली लावून बारीक दुर्बीण आत नेतात, चिमट्यानं स्टेंट पकडतात आणि ओढून घेतात. काही मिनिटांचं काम. बायकांनी एक जरूर विचारावं: आत एक सिस्टर थांबतील ना? माझ्या वेळी थांबल्या होत्या, पायांवर चादरही होती. विचारायला संकोच करू नये.

पथ्याबद्दल प्रत्येकाचं एक मत असतं. टोमॅटोच्या बियांनी खडा होतो, दूध बंद करा, चुना खाणाऱ्याला होतो. मला सांगितलेलं असं. दूध-दही बंद करायचं नाही. जेवणातलं कॅल्शियम ऑक्झलेटला आतड्यातच बांधून टाकतं, ते बंद केलं तर उलट जास्त ऑक्झलेट लघवीत उतरतं. मीठ कमी, कारण मीठ वाढलं की लघवीतून कॅल्शियम जास्त जातं. म्हणजे आमच्याकडचं लोणचं, पापड, सुकट यांना आवर घालायचा. पालक, चुका, अळू रोज नको. रताळ्यातही ऑक्झलेट असतं हे ऐकून सासूबाईंना फार वाईट वाटलं, कारण बेळगावच्या पश्चिमेच्या गावांत रताळ्याचं पीक निघतं आणि एकादशीला तेच पोटभर. डॉक्टर म्हणाले, खावा, थोडी, दह्याबरोबर. पण एकादशीला पाणीही न पिता राहायचं ते बंद. लिंबू चांगलं, मिठाशिवाय. मटण-मासे बेतानं. आणि पाणी इतकं की दिवसाला दोन-अडीच लिटर लघवी झाली पाहिजे. किती प्यायलो ते न मोजता लघवी फिकी आहे का ते बघायचं.

इथं मला मुख्य गोष्ट सांगायची आहे. पहिल्याच तपासणीत डॉक्टरांनी विचारलं होतं, "दिवसात लघवीला किती वेळा जाता?" मी खरं सांगितलं. सकाळी घरून निघताना, आणि मग रात्री घरी गेल्यावर. ते लिहिता लिहिता थांबले. दुकानात बायकांसाठी सोय नव्हती. वरच्या मजल्यावर मालकांच्या घरचं बाथरूम, खाली मागच्या गल्लीत चार दुकानांत मिळून एक, पुरुषांनी वापरलेलं, कडी तुटलेली. म्हणून आम्ही काउंटरवरच्या सगळ्याजणी पाणीच प्यायचो नाही. ठरवून नाही, पण नवी मुलगी कामाला लागली की आठवडाभरात तिलाही ती सवय लागायची. बेळगावची हवा गार, पावसाळ्यात तर तहानही लागत नाही, त्यामुळे अंगाला काही कळत नाही. लघवी घट्ट होत जाते आणि त्यात खड्याचे कण जमत जातात. बाजारात भाजी घेऊन बसणाऱ्या बायका, शाळेतल्या बाई, लांबच्या बसनं येणाऱ्या पोरी, सगळ्यांचं हेच आहे. "तीन लिटर पाणी प्या" असं चिठ्ठीवर लिहून दिलं की डॉक्टरांचं काम संपतं. ते पाणी प्यायल्यावर जायचं कुठे, हे कुणी लिहीत नाही. मला याचा आजही मनापासून राग येतो.

स्टेंट असताना मी कामावर गेले तेव्हा थांबवणं शक्यच नव्हतं. पहिल्याच दिवशी मी सरळ वर गेले आणि मालकीणबाईंना सांगितलं, असं असं आहे, मला दर तासाला लागतं. त्यांनी लगेच दार उघडलं. म्हणाल्या, "अगं, इतकी वर्षं बोलली का नाहीस कुणी?" स्टेंट निघाल्यावर मी म्हटलं, वहिनी, माझ्यापुरतं नको, सगळ्या पोरींसाठी पाहिजे. मालकांशी दोन-तीनदा बोलणं झालं. त्यांना गिऱ्हाईक असताना काउंटर रिकामा राहायची काळजी. आम्ही आपसांत पाळी लावून घेतली. मागच्या गल्लीतल्या बाथरूमला कडी बसली, आतून नळ आला, आणि आता ते फक्त बायकांचं आहे. शेजारच्या दोन दुकानांतल्या पोरीही येतात. गठ्ठ्यांच्या मागं प्रत्येकीची नाव घातलेली बाटली असते.

तीन महिन्यांनी केलेल्या सोनोग्राफीत डावी किडनी साफ निघाली, सूजही उतरलेली. उजवीकडे ४ मिलिमीटरचा एक आहे, तो आधीच्या सीटीतही होता. त्याला आत्ता हात लावायचा नाही, नजर ठेवायची, असं ठरलंय. एकदा खडा झालेल्या माणसाला पुन्हा व्हायचा संभव बराच असतो, म्हणून वर्षातून एकदा सोनोग्राफी. जाऊबाईंनाही मधूनमधून कुशीत दुखतं म्हणून पुढच्या खेपेला त्यांनाही बरोबर नेणार आहे, दोघींची एकदमच होईल.